टाकीतला समुद्र



"बाई, टाकीत मीठ टाकलं की झाला ना समुद्र?" चौथीतल्या एका मुलाने विचारलं आणि सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, बरं का! घरात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी मांडायची, त्यात प्रवाळ वाढवायचे, रंगीत मासे सोडायचे, तर नक्की काय काय लागतं? चला, आज आपण कागदावरच अशी एक टाकी मांडू या.

आधी गणित. समजा, टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. म्हणजे २४ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे टाकीत झालं जवळजवळ ६८० लिटर. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं. त्यामुळे नुसत्या पाण्याचंच वजन सुमारे ७०० किलो भरेल. सिमेंटची १४ पोती एकावर एक रचल्यासारखंच की! वर काच आणि दगड वेगळेच. म्हणून आई-बाबांनो, अशी टाकी वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारायला हवं.

आता मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ६८० गुणिले ३५ करा. आले ना २३ हजार ८०० ग्रॅम? म्हणजे जवळजवळ २४ किलो! पण स्वयंपाकघरातलं मीठ इथे चालत नाही. ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड असतं. समुद्रात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे कितीतरी क्षार असतात. प्रवाळ आपलं घर कॅल्शियमपासूनच बांधतात. म्हणून समुद्राच्या प्रमाणात क्षार मिसळलेलं खास मीठ वापरतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, म्हणून पाणीही गाळून शुद्ध केलेलं घेतात.

"मग छोटी टाकी घेऊ, सोपं पडेल," असं तुम्ही म्हणाल. इथेच गंमत आहे. वाटीभर वरणात चमचाभर मीठ जास्त पडलं तर वरण खारट होतं. पातेलंभर वरणात तेवढंच जास्त पडलं तर कळतसुद्धा नाही. टाकीचंही तसंच. पाणी जितकं जास्त, तितके त्यातले बदल सावकाश होतात आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. म्हणून मोठी टाकी महाग असते, पण सांभाळायला सोपी असते.

पाणी भरलं, दिवा लावला, पंप सुरू केला. आता मासे सोडायचे? छे! आता थांबायचं. मासा खातो, शी करतो, श्वास घेतो. त्यातून पाण्यात अमोनिया साठतो. तो माशांना विषारी असतो. समुद्रात एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. आई दुधाला विरजण लावते ना, तसं सच्छिद्र दगडांवर त्यांचं विरजण लावावं लागतं. पण दही एका रात्रीत लागतं, इथे चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकीत मासा नाही. फक्त चिमूटभर अन्न टाकायचं आणि रंग बदलणारे थेंब घालून पाणी तपासायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मग पहिला मासा. तोसुद्धा एकच! ज्यांना दम धरवत नाही, त्यांचे मासे पहिल्या काही दिवसांतच मरतात.

आणि प्रवाळ? पुष्कळांना वाटतं, तो दगड आहे किंवा झाड आहे. तो आहे प्राणी! इवल्या इवल्या तोंडांचे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा रचतात. खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं. म्हणून टाकीवर प्रखर दिवे लागतात. पाणी फार तापलं तर हे शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढराफटक पडतो आणि उपाशी मरू शकतो. त्याला २५-२६ अंश तापमान बरं वाटतं. जर्मनीत त्यासाठी पाणी तापवावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात ते गार करावं लागेल!

जर्मनीचं नाव उगाच नाही घेतलं. बर्लिनमधल्या हौशी लोकांनी सच्छिद्र दगड, प्रखर दिवे आणि फेस काढणारं यंत्र यांची सांगड घालून घरात प्रवाळ वाढवले. ती 'बर्लिन पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. ते यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं. घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावरची मळी काढतात ना, तसंच.

पण वीज नव्हती तेव्हा? ऐका तर. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे छोटे प्रवाळ लंडनला आपल्या घरी आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरची कामवाली मुलगी उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची. रोज अर्धा-पाऊण तास! ॲनाबाईंनी ते प्रवाळ तीन वर्षांहून अधिक काळ जगवले. पुस्तकांत नाव ॲनाबाईंचं आहे. पण त्या मुलीचे हात किती दुखले असतील, नाही? आज तेच काम पंप करतो. रात्री वीज गेली तर टाकीतला प्राणवायू कमी होऊ लागतो. म्हणून अशा टाकीला इन्व्हर्टर हवाच. आणि घरातलं कुणीतरी जागं होणारंही हवं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या देशात कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार इथे प्रवाळांच्या मोठ्या वसाहती आहेत. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत! समुद्रातून प्रवाळ तोडून आणणं हा गुन्हा आहे. दुकानदार "घेऊन जा हो, काही होत नाही" म्हणाला, तरी नाही म्हणायचं.

मग आपण काय ठेवायचं? भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड ठेवू. जिवाणू त्यावरही छान वाढतात. मासा घ्यायचा तर पांढऱ्या पट्ट्यांचा केशरी क्लाऊनफिश घेऊ, तोही टाकीतच जन्मलेला. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याची पैदास करून दाखवली आहे. नीट सांभाळला तर हा मासा दहा वर्षांहून जास्त जगतो. तुम्ही आज पाचवीत असाल, तर कॉलेजात जाल तेव्हाही तो टाकीत असेल! तेव्हा त्याला खायला कोण घालणार, पाणी कोण बदलणार, हे मासा आणण्याआधी घरी बसून ठरवा.

करून पाहा : एका पसरट भांड्यात एक लिटर पाणी घ्या. त्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. पाण्याच्या पातळीवर खूण करून भांडं आठवडाभर खिडकीत ठेवा. पातळी खाली जाईल. ती पुन्हा खुणेपर्यंत आणायची, तर खारं पाणी घालाल की गोडं? मिठागरात काय घडतं ते आठवा, म्हणजे उत्तर सापडेल.

आणि एक गणित : २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीला किती लिटर पाणी आणि किती मीठ लागेल? दोन्ही उत्तरं पुढच्या आठवड्यात. तोवर वहीत मांडून ठेवा!