विम्याचा नकार आणि वजनाची वही

विमा कंपनीचे नकारपत्र बहुधा एकाच पानाचे असते. भाषा इंग्रजी, अक्षर बारीक आणि खाली कोणाची सही आहे हे ओळखू येत नाही. घरातले कोणी तरी ते वाचते, 'नाही म्हणतात' एवढाच अर्थ सांगते आणि कागद घडी करून पॉलिसीच्या पिशवीत जातो. हे पत्र लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेबाबत असेल तर दुःखात लाजेचीही भर पडते. 'मी सांगत होते, खाणे कमी करा', असे कोणी बोलते. रुग्णालाही वाटू लागते की कंपनीने आपल्या स्वभावावरच निकाल दिला.

वाचकहो, तसे काही नसते. ते पत्र म्हणजे पॉलिसीतील एका कलमाचा आधार घेऊन दिलेले उत्तर असते. त्या कलमाला कागदाने प्रत्युत्तर देता येते, आणि या लढतीतील सर्वांत उपयोगी कागद पुष्कळदा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात नसतो. तो गावातल्या डॉक्टरकडे असतो, किंवा असायला हवा. आजचा लेख त्या कागदाविषयी आहे.

आधी शस्त्रक्रियेविषयी थोडेसे. बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेत पोटावरची चरबी काढत नाहीत. जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करतात, किंवा अन्नाला आतड्यात जाण्यासाठी आखूड वाट करून देतात. त्यामुळे भूक आणि साखर यांवर परिणाम करणारी संप्रेरके बदलतात, आणि मधुमेह अनेकदा वजन पुरते उतरण्यापूर्वीच आटोक्यात येऊ लागतो. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा विदर्भात तिचे नाव अनेकांनी प्रथम ऐकले. हा सौंदर्योपचार नव्हे. म्हणून आपल्या नकारपत्रात 'कॉस्मेटिक उपचार' असे कारण दिले असेल, तर पहिला आक्षेप तेथेच घ्यावा. पॉलिसीत सौंदर्योपचाराचे कलम वेगळे असते आणि लठ्ठपणाचे वेगळे.

पूर्वी बहुतेक पॉलिसींत लठ्ठपणाचे उपचार सरसकट वगळलेले असत. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, वगळण्याच्या कलमांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. लठ्ठपणाच्या कलमाला 'एक्सक्ल ०६' असा क्रमांक मिळाला. पॉलिसीच्या पुस्तिकेत तो शोधावा. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी, तिला वैद्यकीय मार्गदर्शक पद्धतीचा आधार असावा, रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे आणि बीएमआयची अट पूर्ण व्हावी, असे हे कलम सांगते. बीएमआय म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. तो ४० किंवा अधिक असेल तर ही अट पूर्ण होते. तो ३५ किंवा अधिक, पण ४० पेक्षा कमी असेल, तर चारपैकी एक गंभीर आजार असावा लागतो: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्वरूपाचा स्लीप ॲप्निया, किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. शिवाय वजन उतरवण्याचे साधे उपाय करून ते निष्फळ ठरलेले असावेत.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. तीत गुडघे नाहीत आणि रक्तदाबही नाही. आपल्याकडील ज्येष्ठांना वजन छळते ते प्रामुख्याने गुडघ्यांतून. रोवणीच्या चिखलात तीस-चाळीस पावसाळे वाकून उभ्या राहिलेल्या बाईला आज शौचाला बसता येत नाही, हे तिच्यासाठी मोठेच दुःख आहे. परंतु बीएमआय ३७ असताना अर्जात केवळ गुडघेदुखी लिहिली, तर या कलमापुरता कंपनीचा नकार योग्य ठरतो. त्याच बाईला मधुमेह असेल आणि तो औषधांनीही आटोक्यात येत नसेल, तर तो अर्जात ठळकपणे यायला हवा.

वैद्यकशास्त्र मात्र या कलमाच्या पुढे गेले आहे. ४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेत १९९१ साली झालेल्या तज्ज्ञ परिषदेतून रूढ झाले. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या संघटनांनी ते खाली आणले, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सांगितले, कारण आपल्या शरीरात मधुमेह कमी वजनावरच शिरतो. म्हणूनच शल्यचिकित्सक 'शस्त्रक्रिया योग्य आहे' म्हणतात आणि कंपनी 'बसत नाही' म्हणते. दोघेही आपापल्या नियमाने बोलत असतात. डॉक्टरांचा सल्ला खरा असला तरी दावा पॉलिसीच्या आकड्यांवरच ठरतो, हे ध्यानात असू द्यावे.

आता एक उदाहरण. ते कल्पित आहे, पण असे सहज घडू शकते. समजा, पोंभुर्णा तालुक्यातील ६३ वर्षांच्या एका काकूंचे वजन ८२ किलो आहे. चौदा वर्षांचा मधुमेह, इन्सुलिन चालू, तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ९.४. मुलगा पुण्याला नोकरीस आहे आणि त्याच्या पॉलिसीत आईचे नाव आहे. रुग्णालयात नोंदणी करताना कोणी तरी उंची विचारली. काकूंनी तरुणपणची आठवण सांगितली आणि कागदावर १५४ सेंटिमीटर लिहिले गेले. बीएमआय आला ३४.६. कंपनीने नकार दिला. भिंतीला पाठ लावून, अनवाणी मोजले असता उंची भरली १५० सेंटिमीटर. वयानुसार पाठीचा कणा दबतो आणि माणूस थोडा बुटका होतो. आता बीएमआय ३६.४. चार सेंटिमीटरने निकालाची बाजू पालटली.

याचा अर्थ आकडे वाकवावेत असा नाही. खोटी नोंद उघडकीस आली तर दावा तर जातोच, पॉलिसीही जाऊ शकते. अर्थ इतकाच की उंची आणि वजन विचारून लिहू नये, मोजून लिहावे, तारीख घालावी आणि मोजणाऱ्याने सही करावी.

येथे वजनाच्या वहीचे काम सुरू होते. 'साधे उपाय निष्फळ ठरले' हे कंपनीला पटवायचे कशाने? आपल्याकडे औषधाची चिठ्ठी दुकानातून परत येते ती चुरगळून, आणि पावसाळ्यात तिचा लगदा होतो. म्हणून दोनशे पानी एक वही करावी. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन, रक्तदाब, साखर, चालू औषधे आणि आहाराबद्दल दिलेला सल्ला तीत लिहावा, आणि आपल्या डॉक्टरांची सही व शिक्का घ्यावा. भात किती कमी केला, चालणे किती झाले, वजन किती उतरले आणि पुन्हा केव्हा चढले, हेही लिहावे. उतरून पुन्हा चढलेले वजन ही लाजेची गोष्ट नाही. प्रयत्न केला होता, याचा तो पुरावा आहे. घोरणे आणि दिवसा येणारी पेंग एवढ्यावरून स्लीप ॲप्निया सिद्ध होत नाही, त्यासाठी रात्रभराची झोपेची तपासणी लागते. हृदयविकारासाठी टूडी-इको वा अँजिओग्राफीचा अहवाल, मधुमेहासाठी एकाहून अधिक वेळा केलेली एचबीए१सी तपासणी. आपल्या गावच्या डॉक्टरांकडून एक पानाचे पत्र मागावे: रुग्ण केव्हापासून उपचारात आहे, कोणकोणते उपाय झाले, किती काळ झाले आणि काय परिणाम झाला. असे पत्र देणे हे आम्हा डॉक्टरांचे कामच आहे. ते मागताना संकोच बाळगू नये.

नकाराचे कारण प्रत्येक वेळी हे कलम नसते. पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षाकाळ आडवा येतो. आधीपासून असलेल्या आजारांसाठी हा काळ १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने ठरला आहे. तो संपायला चार महिने उरले असतील, तर भांडण्यापेक्षा थांबणे शहाणपणाचे, कारण ही शस्त्रक्रिया बहुधा तातडीची नसते. दुसरे कारण 'माहिती लपवली'. पॉलिसी घेताना एजंटने अर्ज भरला आणि मधुमेहाच्या रकान्यात 'नाही' लिहिले, असे घडते. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर सिद्ध झालेली फसवणूक वगळता कंपनीला या कारणावरून दावा नाकारता येत नाही. तिसरे, पॉलिसी मुलाच्या नोकरीतून मिळालेली सामूहिक असेल, तर तिच्या अटी वेगळ्या असू शकतात. मुलाने कार्यालयातून मूळ अटी मागवाव्यात. कंपनीशी करार मालकाचा असतो, आणि मालकाने विचारलेल्या प्रश्नाला वजन असते.

आणखी एक भेद ओळखावा. कॅशलेस नाकारले म्हणजे दावा कायमचा नाकारला असे नव्हे. पैसे भरून नंतर परताव्याचा दावा करता येतो. पण त्या भरवशावर शेत गहाण टाकू नये. आधी लेखी वाद संपवावा.

आता पायऱ्या. पहिली, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज. फोनवरचे बोलणे अर्जात मोडत नाही. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीच्या समितीच्या मान्यतेशिवाय दावा नाकारता येत नाही आणि कोणत्या अटीवर नाकारला तेही सांगावे लागते. पत्रात ते नसेल तर तेच प्रथम विचारावे. अर्ज लहान असावा: 'आपण अमुक तारखेच्या पत्राने अमुक कलमान्वये दावा नाकारला. माझी मोजलेली उंची १५० सेंटिमीटर, वजन ८२ किलो, बीएमआय ३६.४. टाइप २ मधुमेह इन्सुलिन घेऊनही आटोक्यात नाही, अहवाल जोडले आहेत. आहार, व्यायाम व औषधे यांचे प्रयत्न निष्फळ ठरल्याचे डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. कलमातील सर्व अटी पूर्ण होत असल्याने फेरविचार व्हावा.' इतके पुरे. राग, आजारपणाची कहाणी, कंपनीची निंदा यांपैकी काहीही लिहू नये. ईमेल केल्यास त्याची प्रत, टपालाने पाठवल्यास पोच जपावी.

दुसरी पायरी नियामकाची. 'बीमा भरोसा' या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा.

तिसरी पायरी विमा लोकपाल. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर मान्य नसेल, तर एक वर्षाच्या आत येथे जाता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते, म्हणजे काकूंना गुडघे सांभाळत मोठ्या शहरात जाण्याची गरज पडेलच असे नाही. आपला जिल्हा कोणत्या कार्यालयाकडे येतो ते पॉलिसीच्या शेवटी दिलेल्या यादीत पाहावे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. हेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते ऐकत नाहीत, म्हणून क्रम जपावा. ग्राहक आयोग ही चौथी पायरी. तेथे मुदत दोन वर्षांची, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते.

शेवटी, डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. अपील जिंकणे आणि शस्त्रक्रिया योग्य असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. केवळ वय जास्त म्हणून कोणाला नाकारू नये, असे आजचे शास्त्र सांगते. पण साठीनंतर वजनाबरोबर स्नायूही झिजतात, जीवनसत्त्वे व लोह आयुष्यभर पुरवावे लागते, बी-१२ ची तपासणी वारंवार करावी लागते. ज्या घरात गोळी वेळेवर देणारे कोणी नाही, तेथे ही शस्त्रक्रिया नवे दुखणे आणू शकते. 'यानंतर रोज कोण पाहणार?' हा प्रश्न कुटुंबाने अर्ज करण्याआधी एकत्र बसून विचारावा आणि त्यात रुग्णाचे मत सर्वांत आधी ऐकावे.

शस्त्रक्रिया व्हायची असो वा नसो, वही मात्र या महिन्यापासून सुरू करावी. पहिल्या पानावर नाव, मोजलेली उंची आणि पॉलिसी क्रमांक लिहावा. नकारपत्र आलेच, तर तेही याच वहीत चिकटवावे आणि त्याखाली ते मिळाल्याची तारीख लिहावी, कारण अपिलाची मुदत मोजताना ती तारीख लागते.