सर्व्हर घेताना आधी तारीख विचारा

देवणी, उदगीर, लातूरकडच्या पतसंस्था, आडत दुकानं, डाळमिल आणि कॉलेजांच्या कारभाऱ्यांनो, नवा सर्व्हर घ्यायचा ठरला की कोटेशनमधला शेवटचा आकडा आपण आधी बघतो. तो बघाच, पण त्याआधी विक्रेत्याला विचारा, यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार?

विंडोज सर्व्हर २०१२ ची नेहमीची मुदत १० ऑक्टोबर २०२३ ला संपली. फुकट मिळणारं सेंटओएस ७ हे लिनक्ससुद्धा ३० जून २०२४ ला थांबलं. मुदत संपली तरी यंत्र चालत राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातले संगणक कुलूपबंद केले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले.

विंडोज घ्यावं की लिनक्स? तुमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर ज्यावर चालेल असं ते बनवणारा लेखी देईल, ते घ्या. लिनक्स चालणार असेल तर उबुंटूची एलटीएस आवृत्ती बघा, तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मात्र लिनक्स सांभाळणारा माणूस जवळपास आहे ना, याची खात्री करा. चोरीचं विंडोज तर नकोच.

साध्या डेस्कटॉपला सर्व्हर म्हणू नका. मेमरी ईसीसी, म्हणजे स्वतःची चूक पकडणारी हवी. एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क आणि दोन पॉवर सप्लाय हवेत. जागेवर येऊन दुरुस्ती करण्याच्या वॉरंटीत देवणीचा पत्ता लिहून घ्या, नाहीतर यंत्र पाठीवर टाकून तुम्हालाच लातूर गाठावं लागेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि विजेचा भरवसा नसतो. म्हणून हवेशीर खोली, चांगला यूपीएस आणि तपासलेलं अर्थिंग यांचा खर्च त्याच कोटेशनमध्ये धरा.

दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून खातं पुसलं तर ते दोन्हीकडून पुसलं जातं. रोजची प्रत वेगळी काढा आणि एक प्रत यंत्रापासून सोडवून दुसऱ्या इमारतीत ठेवा. बैल औताला जुंपून पाहिल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही. तसंच विक्रेत्याला समोर बसवून कालच्या प्रतीवरून सगळी खाती पुन्हा उभी करायला लावा. ती जुळली, तरच शेवटचा चेक फाडा.