घाटात घड्याळ कुणाच्या हातात आहे?

यात्रांचा हंगाम तोंडावर आलाय. बैलगाड्यांचे फ्लेक्स चौकाचौकात लागलेत. पहिल्या नंबराला काय, घाटाच्या राजाला काय, फायनलला काय, सगळं ठळक अक्षरात. खाली पन्नास-साठ फोटो. पण वेळ कोण घेणार, घाट कोण मोकळा ठेवणार, वर बैल कोण धरणार, हे कुठल्याच फ्लेक्सवर नसतं. कमिटीला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आपली पोरं आहेत की!"

मंडळी, मला या "आपली पोरं"बद्दलच बोलायचंय.

आपल्याकडं, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर पट्ट्यात, गाडा पळतो तो घड्याळावर. साताऱ्या-सांगलीकडं गाड्या शेजारी शेजारी सुटतात, कोण पुढं ते डोळ्याला दिसतं. इथं एकेक बारी सुटते आणि निकाल सेकंदावर लागतो. अमुक सेकंदाच्या आत आला तर पहिला नंबर, पॉइंटनं चुकला तर दुसरा. म्हणजे घड्याळ हाच पंच. आणि हा पंच कुणाच्या तरी अंगठ्याखाली असतो.

आता साधा हिशेब बघा. डोळ्यानं बघून बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. गाड्याचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर सेकंदाला ११ मीटर झाले. ०.२ सेकंदात गाडा दोन मीटरच्या वर पुढं गेलेला असतो. त्यात रेषेवरचा माणूस झेंडा टाकणार आणि घड्याळवाला झेंडा बघून बटण दाबणार, म्हणजे चूक दोनदा. तरी माईकवर पुकारा होतो, "अकरा सेकंद सत्त्याण्णव पॉइंट!" हे पॉइंट घड्याळाच्या काचेवर खरे असतील, घाटात खरे असतीलच असं नाही.

गेल्या चैत्रात एका घाटात मी स्वतः बघितलं. माईकवर बारा सेकंद तीन पॉइंट पुकारले. गाडामालकाची माणसं स्टेजकडं धावली, पाच मिनिटं गलका झाला आणि त्याच बारीची वेळ अकरा अठ्ठ्याण्णव झाली. मी वही बघायला मागितली. वहीत नुसता नंबर. वेळ लिहिलेलीच नव्हती. मग ज्या शेतकऱ्यानं वर्षभर पोटाला चिमटा काढून बैल सांभाळला आणि ज्याच्यामागं स्टेजकडं धावणारी माणसं नाहीत, त्यानं दाद कुठं मागायची?

परदेशात कुत्र्यांची अडथळा शर्यत असते, ॲजिलिटी म्हणतात. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वान प्रदर्शनात मधल्या वेळेतली करमणूक म्हणून ती पहिल्यांदा दाखवली. आज तिथं एक माणूस फक्त वेळ बघतो. दुसरा फक्त लिहितो, पंचाच्या हातावरची नजर तो हलवत नाही. कुत्र्यानं पाडलेली दांडी परत लावायला वेगळी माणसं बसलेली असतात. मैदान तयार झाल्याशिवाय पुढचं कुत्रं सुटत नाही. सेन्सरचं घड्याळ असलं तरी हातातलं घड्याळ सोबतीला ठेवतात. कुत्र्याच्या उडीला एवढी शिस्त, आणि आमच्या चार बैलांच्या गाड्याला "आपली पोरं"?

कुणी म्हणेल, सेन्सर लावला की झालं. लावा, जरूर लावा. पण गाड्यापुढं घोडी पळते. रेषेवरचा किरण आधी घोडीनं कापला तर वेळ कुणाची धरणार, घोडीची का बैलांची? म्हणजे मशीन आलं तरी जबाबदार माणूस लागतोच.

आणि हा फक्त नंबराचा प्रश्न नाही. बारी सुटली तेव्हा घाटात मोबाईल घेऊन उभी असलेली पोरं आपण सगळ्यांनी बघितलीत. वर गेल्यावर बैल आवरले नाहीत तर ते गर्दीत घुसतात. माईकवाला ओरडत राहतो, "बाजूला व्हा, बाजूला व्हा." पण ओरडणं म्हणजे बंदोबस्त नव्हे. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही.

माझ्या मागण्या खर्चाच्या नाहीत:

१. तीन माणसं, तीन घड्याळं. मधली वेळ धरा. पोहण्याच्या स्पर्धेत हातानं वेळ घेताना हेच करतात. त्या दिवशी ज्याचा किंवा ज्याच्या पाहुण्याचा गाडा आहे, त्याच्या हातात घड्याळ नको.
२. लिहिणारा वेगळा. तिन्ही वेळा वहीत लिहा, मगच माईकवर पुकारा. पुकारल्यावर बदल नाही.
३. घाटाच्या दोन्ही कडांना नेमलेली माणसं, अंगात एका रंगाचं जाकीट. त्यांचा "घाट मोकळा" असा इशारा आल्याशिवाय बारी सुटणार नाही, मग गाडा कुणाचाही असो.
४. वर बैल धरणारी अनुभवी माणसं. दर दोन तासांनी बदली. उन्हात दिवसभर कुणाचंच लक्ष राहत नाही.

"पत्रकाराला बैलातलं काय कळतं" असं म्हणणारे आहेतच. बैलातलं त्यांनाच जास्त कळतं, मान्य. पण २०१४ साली सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा दावणीला उभे राहिलेले बैल मीही बघितलेत. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. ही परवानगी अटींवर आहे. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, डॉक्टर, चित्रीकरण हे सगळं कागदावर दाखवून आपण शर्यत घेतो. उद्या घाटात कुणाचा जीव गेला तर तेच चित्रीकरण कोर्टात आपल्याच विरोधात चालेल. शर्यत बंद पाडायला बाहेरून कुणी यायची गरज उरणार नाही.

परंपरा आमची आहे म्हणता ना? मग तिची जबाबदारीही नावानिशी घ्या. यात्रेच्या बैठकीत वर्गणीच्या आधी एकच प्रश्न विचारा: यंदा घड्याळ कुणाकडं, आणि घाट कुणाकडं? नावं वहीत लिहून घेतल्याशिवाय उठू नका.