मालवाहू विमानाची नोकरी: पगाराआधी झोपेचा हिशेब

डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वात मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि वैमानिकांची विश्रांती हा एरवी तांत्रिक समजला जाणारा विषय घराघरांत पोहोचला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे ‘डीजीसीए’च्या नव्या नियमांनुसार आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. नियमांतली ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत लांबली आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आली. गोंधळानंतर त्या कंपनीला रात्रीच्या काही तरतुदींतून तात्पुरती सूट मिळाली. ही सगळी चर्चा प्रवासी विमानांभोवती फिरली. ज्यांचे कामच रात्री सुरू होते, त्या मालवाहू विमानांच्या वैमानिकांचा उल्लेख तीत फारसा आला नाही.

वैमानिकाचा परवाना हाती असून नोकरीच्या प्रतीक्षेत असलेले तरुण देशात कमी नाहीत. ऑनलाइन खरेदी वाढल्यापासून मालवाहतुकीची विमाने वाढत आहेत. छोट्या मालवाहू कंपनीत उड्डाणाचे तास लवकर जमा होण्याची आणि कमांडरची जागा लवकर मिळण्याची शक्यता असते. प्रवाशांची कटकट नसते. त्यामुळे हा पर्याय आकर्षक वाटतो, आणि अनेकांसाठी तो योग्यही ठरतो. मात्र करारावर सही करण्याआधी पगाराच्या आकड्याइतकाच शरीराचाही हिशेब मांडायला हवा.

पार्सलचा व्यवसाय रात्रीवर चालतो. संध्याकाळी माल गोळा होतो, रात्री मुख्य केंद्रावर उतरतो, तिथे त्याची वर्गवारी होते आणि पहाटे तो दुसऱ्या शहरात पोहोचतो. वैमानिकाच्या वाट्याला एक उड्डाण, मग केंद्रावर काही तासांची प्रतीक्षा आणि पुन्हा एक उड्डाण असे काम येते. दुसरे लँडिंग बहुधा पहाटेचे असते, आणि शरीराची अडचण नेमकी तिथेच होते.

झोप आणि जाग यांचे वेळापत्रक मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून चालते. पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वात खाली जाते आणि सावधपणाही त्याच सुमारास सर्वात कमी होतो. विमानशास्त्रात साधारणपणे पहाटे दोन ते सहा हा काळ सर्वाधिक धोक्याचा मानला जातो. दिवसा झोपून ही भरपाई पूर्ण होत नाही, कारण उजेड, उकाडा आणि घरातली वर्दळ यांमुळे दिवसाची झोप तुटक आणि तोकडी होते. सुट्टीच्या दिवशी माणूस पुन्हा घरच्यांबरोबर दिवसा जागतो, त्यामुळे शरीराचे घड्याळ कधीच पूर्णपणे रात्रपाळीला रुळत नाही. सलग १७ तास जागे राहिल्यावर कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते, असे १९९७ मधील एका गाजलेल्या प्रयोगात दिसले होते. दोन्हींत फरक इतकाच, की मद्य तपासणीत सापडते आणि थकवा सापडत नाही.

छोट्या कंपनीत हा धोका कसा वाढतो, याचे उदाहरण १९९३ चे आहे. त्या वर्षी १८ ऑगस्टला ग्वांटानामो बे येथे एका अमेरिकी मालवाहू कंपनीचे डीसी-८ विमान उतरताना कोसळले. रात्रभर काम करून परतणाऱ्या तिघा कर्मचाऱ्यांना ऐनवेळी आणखी एक फेरी देण्यात आली होती. ते सुमारे १८ तास कामावर होते. तिघेही गंभीर जखमी झाले, पण वाचले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचे कारण म्हणून थकव्याचा थेट ठपका ठेवला, आणि असे पहिल्यांदाच घडले. मोठ्या कंपनीत राखीव वैमानिक असतात. चार-पाच विमानांच्या कंपनीत एक जण आजारी पडला की त्याची फेरी दुसऱ्या थकलेल्या माणसावरच येऊ शकते.

नियम असले म्हणजे ते सर्वांना लागू होतातच असेही नाही. अमेरिकेत २०१४ पासून लागू झालेल्या विश्रांतीच्या कडक नियमांतून मालवाहू कंपन्यांना वगळण्यात आले. ते लागू होण्याच्या काही महिने आधी, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, बर्मिंगहॅम शहराजवळ एक मालवाहू एअरबस धावपट्टीआधीच जमिनीवर आदळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. त्या उड्डाणाआधी दोघे याच भेदभावाबद्दल बोलत असल्याचे ध्वनिमुद्रणात आढळले. तपासात थकवा हा एक घटक ठरला. मात्र सहवैमानिकाने सुट्टीचा वेळ झोपेसाठी नीट वापरला नव्हता, हेही अहवालात नोंदवले गेले. म्हणजे जबाबदारी कंपनीची आहे, तशी वैमानिकाचीही आहे.

म्हणून मुलाखतीत उलट प्रश्न विचारायला संकोच नसावा. सलग किती रात्री उड्डाण असते? गेल्या तीन महिन्यांचे प्रत्यक्ष रोस्टर पाहायला मिळेल का? केंद्रावरच्या प्रतीक्षेत झोपायला अंधारी, शांत खोली मिळते की खुर्चीवरच बसावे लागते? ‘मी थकलो आहे, आज उडू शकत नाही’ असे म्हणणाऱ्याचे पुढे काय होते? शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर व्यवस्थापनापेक्षा तिथे काम करणाऱ्यांकडून मिळते.

माल कोणता, हेही महत्त्वाचे. प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्या सुट्या माल म्हणून नेण्यास २०१६ पासून जागतिक पातळीवर बंदी आहे. मालवाहू विमानांतून मात्र त्या जातात. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ अशाच मालाला आग लागून बोइंग ७४७ चे दोन्ही वैमानिक दगावले. २०१३ मध्ये बगराम येथे लष्करी वाहने विमानात सरकल्याने सात जणांचा जीव गेला. माल बांधण्याचे आणि धोकादायक वस्तूंचे प्रशिक्षण कंपनी किती गांभीर्याने देते, हे त्यामुळे आधीच पाहावे. मालवाहू विमाने अनेकदा प्रवासी सेवेतून निवृत्त झालेली असतात. त्यांच्या देखभालीची चौकशी करणे उद्धटपणाचे नाही.

प्रकृतीचा प्रश्न दीर्घकाळाचा आहे. रात्रपाळीचा संबंध मधुमेह आणि हृदयविकाराशी आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले. वैमानिकाचा परवाना ठरावीक काळाने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीवर टिकतो. ज्याला आधीच रक्तदाब आहे किंवा घोरताना श्वास अडकतो, त्याने रुजू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. परवाना गेल्यास भरपाई देणारा विमा कंपनी देते का, हेही विचारावे.

शेवटी कंपनीच्या तब्येतीकडेही पाहावे. नागपूरला केंद्र करून २००९ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झालेली ‘डेक्कन ३६०’ ही मालवाहू सेवा काही वर्षांतच बंद पडली. एकाच ग्राहकाच्या मालावर चालणाऱ्या कंपनीचे भवितव्य त्या एका करारावर असते. दुसरीकडे, २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्यात प्रशिक्षणाच्या खर्चाचा बाँड असेल, तर रोस्टर झेपत नाही म्हणून लगेच बाहेर पडता येत नाही. त्यामुळे झोपेचे प्रश्न रुजू झाल्यावर विचारून भागत नाही, ते सही करण्यापूर्वीच विचारावे लागतात.