त्रिस्थळी यात्रेचा जमाखर्च

‘ट्रायथ्लॉन’ या शब्दाला चांगला मराठी प्रतिशब्द सुचवा, असा आग्रह आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मला बरेच दिवस होत होता. ‘त्रिक्रीडा’ म्हणून पाहिले. पण त्यात क्रीडा फार आणि घाम कमी. ‘त्रिविध शर्यत’ म्हणावे, तर सरकारी परिपत्रक वाचल्यासारखे वाटते. शेवटी मी ‘त्रिस्थळी यात्रा’ हा आपला जुनाच शब्द पुढे केला आणि तो सर्वांना पटला. काशी, प्रयाग आणि गया करायला निघालेल्या माणसाला पूर्वी घरचे लोक डोळ्यांत पाणी आणून निरोप देत. तो परत येईलच अशी खात्री नसे. हल्लीच्या त्रिस्थळीत पाणी, सायकल आणि स्वतःचे पाय अशी तीन स्थळे आहेत. हा यात्रेकरू परत येतो खरा, पण भुकेला आणि अर्धा झोपेत येतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा निघतो!

ज्यांच्या घरात असा यात्रेकरू नाही त्या भाग्यवान वाचकांसाठी आधी थोडी माहिती देते. या शर्यतीचा जो सर्वांत प्रसिद्ध लांब पल्ला आहे त्यात 3.8 किलोमीटर पोहायचे, मग 180 किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी 42.2 किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावायची. आणि हे सारे एकाच दिवसात, बहुधा सतरा तासांच्या आत. बेरीज होते 226 किलोमीटर. आपली आळंदीहून निघणारी पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालून पंढरीला पोचते. तिला अडीच-तीन आठवडे लागतात. यावरून या वेडाची कल्पना यावी.

हे वेड जन्मले हवाई बेटांवर. चांगला दमाचा कोण, पोहणारा, धावणारा की सायकलवाला, असा वाद तिथे रंगला आणि जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने त्यावर तोड काढली: तिथे आधीच होत असलेल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवशी एकामागून एक करून पाहाव्यात. 18 फेब्रुवारी 1978 या दिवशी पंधराजण पाण्यात उतरले आणि बाराजणांनी शेवट गाठला. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तासांहून थोडा जास्त वेळ लागला.

त्या पहिल्या शर्यतीतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. प्रत्येक स्पर्धकाने आपल्या दिमतीला आपली माणसे स्वतःच आणायची होती. पाणी त्यांनी द्यायचे, खायला त्यांनी द्यायचे. दुसरा आलेला जॉन डनबार धावता धावता पाणी मागू लागला, तेव्हा त्याच्या माणसांजवळचे पाणी संपले होते. म्हणून त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली! म्हणजे ही शर्यत जन्मली तेव्हापासूनच एकट्याची नव्हती. धावणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. पाण्याचा हिशेब चुकलेल्या त्या बिचाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

मी त्या बिचाऱ्यांच्या जातीची. 2015 साली मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना झूरिकला ही शर्यत पुरी करून आले, आणि आपल्याकडच्या कितीतरी चाळिशीतल्या गृहस्थांनी आपापल्या पोटाकडे पाहून सुस्कारा सोडला. 2019 साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर याच शर्यतीचा अर्धा पल्ला भरला, आणि सुस्कारे सोडणारे लोक सायकली विकत घेऊ लागले. आमच्याकडच्या गृहस्थांचे कारण मात्र निराळे होते. आमचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांना बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. ह्यांची साखर काठावर आली त्या दिवशी हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पोहण्याच्या तलावावर गेले. आता सेहेचाळिसाव्या वर्षी, येत्या डिसेंबरात, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बसेलटनला पूर्ण पल्ला करायचा बेत आहे. अशा माणसाला ‘हे खूळ सोडा’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

पण खुळाला वेळ लागतो, आणि वेळ काही आकाशातून पडत नाही. ह्यांचा कारखाना चाकणला. जाण्यायेण्यातच रोजचे अडीच तास जातात. प्रशिक्षकाने आखून दिलेला कार्यक्रम तीस आठवड्यांचा, सरासरी आठवड्याला बारा तासांचा. मी वहीत गुणाकार केला: 360 तास. कॉलेजातल्या माझ्या आठवड्याच्या तासिका चौदा. म्हणजे माझ्या नोकरीच्या जोडीला जवळजवळ दुसरी नोकरीच घरात आली, आणि तीही बिनपगारी!

शिवाय या बारा तासांना शेपटी असते, ती कोणत्याच तक्त्यात नसते. रोजचे घामाचे कपडे वेगळे धुवायचे. रात्री साडेनऊला घरात सामसूम हवी. सायकलवर तासाला साठेक ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत, म्हणून मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू आदल्या रात्री बांधून ठेवायचे. रविवारी पाच तास सायकल मारून आलेला माणूस दुपारी घरात असतो खरा. पण सोफ्यावरच्या लोडासारखा असतो. आणि महामार्गावरून ट्रक-टँकरांच्या कडेने हा माणूस पहाटे सायकल हाकतो आहे, हे मनात ठेवून चहा पिणे हीसुद्धा एक मेहनतच आहे.

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या एक बाई आहेत. त्या अर्ध्या पल्ल्याची तयारी करतात. त्या पावणेचारला उठून तिघांचे डबे भरतात, मग तलावावर जातात आणि मुले उठायच्या आत घरी येतात. त्यांना एकदा म्हटले, “आमच्याकडे ह्यांच्या सरावासाठी सारे घर जागे होते.” त्या हसून म्हणाल्या, “आणि माझ्या सरावासाठी सारं घर झोपलेलं असावं लागतं!” या एका वाक्यात शहरी संसाराचा एक मोठा प्रश्न आला. छंद दोघांचा सारखाच अवघड; पण एकाच्या वेळेची सोय घर करते, आणि दुसरीला ती झोपेतून काढावी लागते.

श्रावणातल्या एका रविवारी हा प्रश्न आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. पावणेसातला अण्णा न्हाणीघरात पडले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, आणि गेल्या वर्षापासून आठवणही दगा देऊ लागलेली. माझ्या दहावीतल्या मुलाने त्यांना उचलले, शेजाऱ्यांनी गाडी काढली. हे त्या वेळी शिरवळच्या पुढे होते, आणि फोन सायकलच्या पिशवीत. त्या फोनवर मागाहून अकरा हाका सापडल्या. हाड मोडले नव्हते. मनगट सुजण्यावर निभावले. दोष कोणाचाच नव्हता. घरात त्या दिवशी कोणी कोणावर रागावले नाही. पण रात्री जेवताना कोणी बोललेही नाही.

ताटे उचलताना हे म्हणाले, “मी नाव मागे घेतो.”

मी म्हटले, “ते आपण मागाहून ठरवू. आधी हिशेब मांडू या.”

मग तिघांनी बसून एक कागद केला. तो अजून आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. मोकळ्या रस्त्यावरची लांब सायकल महिन्यातून दोनच रविवार, आणि तीही माझ्या नणंदबाई राहायला आल्या असतील तरच. उरलेले दोन रविवार सायकल गॅलरीतल्या लोखंडी घोडीवर चढवायची आणि जागच्या जागी चाक फिरवायचे. फोन दंडाला बांधायचा, आणि तासातासाला कुठे आहोत ते कळवायचे. सोमवार हा प्रशिक्षकाने सांगितलेला विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी अण्णांची आंघोळ आणि संध्याकाळचे फिरणे ह्यांच्याकडे. ‘विश्रांतीच्या दिवशी अगदी सावकाश चालावे’ असा आदेश होताच, आणि अण्णांहून सावकाश आमच्या पेठेत कोणीच चालत नाही! मुलाने आपणहून एक कलम घातले: भूमितीचा तास बाबांनी घ्यायचा, आणि घेताना जांभई द्यायची नाही.

शेवटचे कलम माझे. मावळातल्या बोलीचे शब्द मी गेली काही वर्षे गोळा करते आहे. रविवारच्या दुपारी तिकडच्या वाड्यावस्त्यांवर गेल्याखेरीज ते काम होत नाही. तेव्हा घोडीवरच्या दोन रविवारी सायकल अकराला थांबवायची आणि दुपारचे चार तास घर ह्यांनी सांभाळायचे. “सांभाळायचे म्हणजे सोफ्यावर नव्हे,” एवढी तळटीप मी जोडली. आणि सगळ्यांत खाली एक ओळ आहे, ती ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली: अण्णांच्या प्रकृतीत काही बिघाड झाला तर बसेलटन रद्द, त्याबद्दल घरात कोणी हळहळायचे नाही.

घोडीवरच्या रविवारांचा एक लाभ कोणीच धरला नव्हता. चाकाची घरघर सुरू झाली की अण्णा आपली खुर्ची ओढून गॅलरीत बसतात. त्यांची उमेदीची वर्षे साताऱ्याला नोकरीत गेली. मुलगा साताऱ्यालाच निघाला आहे, अशी त्यांची समजूत होते. “खंबाटकीचा चढ लागला का रे?” म्हणून विचारतात. हे घाम पुसत म्हणतात, “लागला, अण्णा.” मग अण्णा त्या रस्त्यावरची पूर्वीची झाडे, चहाची दुकाने, बंद पडलेल्या एस.टी.ची हकीकत, एकेक सांगू लागतात. कालचे जेवण आठवत नाही. पण खंबाटकीचे प्रत्येक वळण आठवते. बाप-लेकांचे एवढे बोलणे या घरात मी वीस वर्षांत ऐकलेले नव्हते.

म्हणून सगळे गोड झाले असे मात्र समजू नये. वारीला निघालेला शेतकरी पेरणीची सोय लावून निघतो, मागे राहणारा भाऊ किंवा सून शेत पाहते, आणि दिंडीत स्वयंपाकपाण्यापासून राहुट्यांपर्यंतचे काम वाटून घेतलेले असते. तो शहाणपणा आपण शहरात आलो तेव्हा गावीच ठेवून आलो. इथे छंद एकाचा, शाबासकी एकाची आणि मागची व्यवस्था मात्र गृहीत धरलेली! छंद शर्यतीचाच असतो असे नाही. कोणाला गाणे असते, कोणाला नाटक, कोणाला संस्थेचे सचिवपद. ज्या घरात असा कोणी असेल त्या घराने पहिल्या दिवशीच एकत्र बसावे, आणि तास कुठून येणार, कोणाचे येणार आणि ते परत कसे जाणार, हे कागदावर लिहावे. तोंडी ठरलेले थकव्यात विसरते.

माझ्या वहीत आजवर 300 तास नावे आहेत आणि 46 जमा. बसेलटनला समुद्रात 1841 मीटर गेलेला एक लाकडी धक्का आहे; त्याच्या आसऱ्याने पोहायचे आहे म्हणतात. हे तिथवर पोचतील की नाही ते अण्णांची तब्येत ठरवील. तूर्त एवढेच सांगते, की प्रशिक्षकाच्या संगणकाने नेमके नरकचतुर्दशीच्या पहाटे चार तासांचे सायकलिंग नेमले होते, आणि ते ह्यांनी आपणहून पुढे ढकलले. त्या पहाटे अण्णांना तेल लावायचे काम त्यांच्याकडे आहे.