किल्ली कोणाच्या कमरेला?

खुलताबादेत खते-बियाण्यांचे दुकान चालविणारा एक परिचित तरुण परवा घरी आला. दुकान इथे, गोदाम छत्रपती संभाजीनगरला. मध्ये सुमारे २५ किलोमीटर आणि दौलताबादचा घाट. हिशेबाचा संगणक दुकानात. मृगाच्या गर्दीत गोदामातून माल निघतो, त्याची नोंद मात्र संध्याकाळी फोनवरून होते. तोवर शेवटची पिशवी दोघांनी दोन गिऱ्हाइकांना विकलेली असते! "काका, तुम्ही बँकेत होता. दोन्हीकडे एकच हिशेब चालावा, असं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? स्वस्तातलं सांगा."

मार्ग तसे दोन-तीनच. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारख्या सोयींनी गोदामातला माणूस दुकानातला पडदा आपल्यासमोर पाहतो आणि तिथूनच कळा दाबतो. परंतु पडदा एकच. गोदामवाला बसला की दुकानदाराने हात आवरायचा. दुसरा मार्ग सर्व्हरचा. त्यावर प्रोग्राम ठेवून प्रत्येकाला स्वतंत्र पडदा देता येतो. विंडोज सर्व्हरमध्ये ही सोय आहे. मात्र माणशी परवाना लागतो. तारेवरून ये-जा होते ती चित्राची आणि कळांची. हिशेबाची फाइल जागची हलत नाही. त्यामुळे लाइन मध्येच तुटली तरी फाइल बिघडण्याची भीती कमी. तिसरा मार्ग बँकांनी कोअर बँकिंगसाठी धरला : खातेवहीच शाखेतून उचलून मध्यवर्ती ठिकाणी नेली.

परंतु किमतीचा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न किल्लीचा. बँकेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे असत; एकट्याने दार उघडतच नसे. हा अविश्वास नव्हता. माणसाला मोहापासून आणि आळापासून वाचविण्याची ती रीत होती. आज दुकानांतून काय दिसते? संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला कायमचा पासवर्ड दिलेला, आणि काम सोडून गेलेल्या नोकराचे नाव अजून चालू!

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले. सॉफ्टवेअर वाईट नव्हते. गिऱ्हाईक फोनवरच्या अनोळखी माणसाला आपल्या मोबाइलवरचा आकडा वाचून दाखवीत होते. किल्ली आपणच फेकायची आणि कुलपाला दोष द्यायचा! घरोघरीच्या मोबाइललाही हेच लागू आहे. जुलै २०२४ अखेर सी-एज या बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार अडले. दार दुसऱ्याकडे सोपविले, तरी काळजी सोपविता येत नाही.

म्हणून त्याला दुसरा मार्ग सुचविला, तोही अटींसह. सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, आत येणे व्हीपीएनमधूनच. प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळा पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा दुसरा आकडा. गोदामवाल्याला माल दिसावा, शेतकऱ्यांची उधारी नव्हे. माणूस काम सोडेल त्याच दिवशी त्याचे नाव बंद. आणि रोजचा बॅकअप अशा डिस्कवर, जी काम झाल्यावर काढून कपाटात जाते.

"बॅकअप तर घेतोच, काका," तो म्हणाला.

"कधी उघडून पाहिलास?"

तो गप्प झाला. मी खिडकीतून घाटाकडे बोट दाखविले. त्या वाटेवरचा देवगिरी किल्ला केवढा दुर्गम! खंदकावर एकच पूल, पुढे अंधारी. तरी १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीपुढे रामदेवराय यादवांना नमते घ्यावे लागले. धान्याची म्हणून वर चढविलेली पोती सोडली, तर आत मीठ निघाले, असे सांगतात. तट शाबूत होता. पोते कोणी वेळेवर सोडून पाहिले नव्हते.

त्याची उधारीची वही वडिलांपासूनची. त्या एका फाइलमध्ये आसपासच्या कितीतरी घरांचा खरीप आहे. उठताना त्याने किंमत पुन्हा विचारली नाही. एवढेच म्हणाला, "आज दुकान बंद करण्याआधी पोतं सोडून बघतो."