गटनंबर नसलेला प्रकल्प

सत्र संपत आले की कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘पर्यावरण प्रकल्प’ तयार मिळतो. मुखपृष्ठावरचे नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा बदलायचा. आत ओझोनचा थर असतो, ॲमेझॉनचे जंगल असते. कॉलेजच्या मागून वाहणारा ओढा मात्र नसतो. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितले. सक्ती झाली, अभ्यास व्हायचा राहिला. आता नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळतात. संधी चांगली आहे; झेरॉक्सवाल्यालाही ती दिसली असणार.

अशा क्षेत्रप्रकल्पात गावच्या जमिनीचा अभ्यास कसा करता येतो, हे महाराष्ट्राला नवीन नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागरची शेतन्‌शेत तपासली. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे निघाले. त्यांतले ४६३ एकराहून लहान होते आणि २११ तर पाव एकराहूनही लहान. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. तुकडेबंदीच्या चर्चेत हे आकडे वर्षानुवर्षे फिरत राहिले. कायदा झाला १९४७ मध्ये. त्याच पिंपळे सौदागरात आज टोलेजंग इमारती आहेत. पण तिथली जमीन तेव्हा कशी होती हे आपल्याला सांगता येते, कारण कुणीतरी बांधावर जाऊन ती मोजून ठेवली होती.

आज तशी मोजणी हवी आहे ती कृष्णाकाठी. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात भारी काळ्या रानाला वर्षानुवर्षे पाटपाणी दिले, निचरा केला नाही. भूजल वर आले, त्याबरोबर क्षार आले, आणि पाणी उडून गेल्यावर रान पांढरे पडले. क्षारपड म्हणजे काय, हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. उपायही ठाऊक आहे: जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात यावर काम झाले आहे, शिरोळ तालुक्यात अशी रानेही सुधारली आहेत. अडते ते दुसरीकडेच. निचऱ्याचे पाणी शेवटी कुणाच्या तरी बांधावरून ओढ्यापर्यंत न्यावे लागते. एकट्याने पाईप टाकून भागत नाही, सगळ्या शिवाराचा उतार आणि ओढे-नाले कागदावर यावे लागतात. शेजाऱ्याशी बोलाचाली बंद असेल तर हा कागद कोण करणार?

इथे विद्यार्थी उपयोगी पडतो. तो भाऊबंदकीत कुणाच्या बाजूचा नसतो आणि त्याच्याकडे एक अख्खे सत्र असते. दिवाळीनंतर आणि चैत्रात विहिरींची पातळी मोजणे, गटवार मातीचे नमुने घेणे, बुजलेला नाला गावनकाशावर दाखवणे, यासाठी पीएच.डी. लागत नाही; टेप, नकाशा आणि चालायची तयारी लागते. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्रातले विद्यार्थी गावोगावच्या पाण्याचे असे अभ्यास करत आले आहेत. त्याच धर्तीवर शासनाने २०१६ साली ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आणून कॉलेजे जिल्हा प्रशासनाशी जोडायचे ठरवले. मार्ग आखलेला आहे. त्यावरून साध्या कला-वाणिज्य कॉलेजातली मुलेही चालायला हवीत.

दोष सगळा मुलांचा नाही. नकाशा मागायला गेलेल्या पोराला कचेरीत ‘उद्या या’ ऐकावे लागते आणि प्राध्यापकाला गावी जायचे एसटीभाडेही पदरचे घालावे लागते. शिवाय प्रामाणिकपणे केलेला अहवाल गुण पडताच कपाटात जातो. ज्याच्या रानातून माती नेली त्याला तिचा निकाल कळत नाही. ही फसवणूक आहे.

विद्यापीठांनी एकच अट घालावी: ज्या प्रकल्पात गाव आणि गटनंबर नाही, त्याला गुण नाहीत. तहसीलदारांनी अशा मुलांना गावनकाशा विनामूल्य द्यावा. आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढवावी: ‘आपल्या शिवाराच्या पाहणीचे वाचन – कॉलेजचे विद्यार्थी.’